परवाना तपासला, हात कोण तपासणार?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. जुहूच्या घरी आपले परवानाप्राप्त रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्या डाव्या पायात गुडघ्याखाली शिरली. शस्त्रक्रिया झाली, चौथ्या दिवशी ते घरी परतले आणि बातमी मागे पडली. त्या दिवसांत चर्चा रंगली ती अशा अवेळी रिव्हॉल्व्हर हातात कशाला हवे होते याची, आणि सांगितले जाते ते खरे की आणखी काही याची. भरलेले शस्त्र कपाटात ठेवण्याची सवय लागते कशी, हा साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. तो अपघात नव्हता, उघड खून होता. तरीही पोलिसांच्या म्हणण्यानुसार मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचे होते. म्हणजे परवाना एकाचा आणि चापावरचे बोट दुसऱ्याचे. दोन्ही घटनांत शस्त्राला परवाना होता.

आपली शस्त्र परवाना पद्धती कागदाच्या बाबतीत ढिसाळ आहे असे कोणी म्हणणार नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम, २०१६ चे शस्त्र नियम आणि २०१९ ची दुरुस्ती यांनी अर्जदाराभोवती पुरेसे कुंपण घातले आहे. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला लागतो. एका व्यक्तीकडे पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत, २०१९ नंतर ती मर्यादा सामान्यतः दोनवर आली. लग्नात-मिरवणुकीत हौसेखातर गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच दुरुस्तीने झाली. इतकेच नव्हे, २०१६ च्या नियमांत सुरक्षित हाताळणी, साठवण, वाहतूक आणि नेमबाजीचे तंत्र यांचे प्रशिक्षणही अर्जदाराला सांगितले आहे. पण प्रशिक्षण हे शेवटी प्रमाणपत्राच्या रूपाने फाइलीत शिरते आणि इतर कागदांसारखाच एक कागद होऊन बसते. अर्जदाराचे बोट चापावर कधी जाते आणि नळीचे तोंड कुठे फिरते, हे परवाना देणाऱ्या कार्यालयात कोणी पाहत नाही. तिथे ते दिसण्याची सोयही नाही.

ते दिसते एकाच ठिकाणी, शस्त्रविक्रेत्याच्या गल्ल्यासमोर.

प्रस्तुत लेखकाचे गाव बोरगाव. मध्य प्रदेशात सौंसर तालुक्यात, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर ते येते. २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेला. राज्य हिंदी भाषकांचे असले तरी या पट्ट्यातल्या घराघरांतली भाषा मराठीच आहे. गावाला लागून औद्योगिक वसाहत असल्याने बारा बोअरची बंदूक घेऊन फाटकावर बसणारा रखवालदार आम्हा मंडळींना लहानपणापासून परिचयाचा. बंदुकीचे तोंड बुटाच्या टोकावर टेकवून किंवा त्यावर चक्क हनुवटी ठेवून डुलक्या घेणारा हा माणूस वेर्ण्याच्या आणि कुंडईच्या वाचकांनाही अनोळखी नसावा.

तिकडच्याच एका शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात पाहिलेला प्रसंग सांगण्यासारखा आहे. वयस्कर दुकानदाराने दुनळी बंदूक मोडून, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे दाखवून, तशीच उघडी गिऱ्हाइकाच्या हाती दिली. गिऱ्हाइकाने ती खट्कन मिटवली, खांद्याला लावली आणि दारातून रस्त्यावरच्या माणसांवर नेम धरत चापावर बोट ठेवले. दुकानदाराने आरडाओरड केली नाही. गल्ल्यावरून हात लांब करून नळी छताकडे वळवली आणि बंदूक काढून घेतली. गिऱ्हाईक दुखावले. “खालीच हाय ना!” त्यावर म्हातारा म्हणाला, “खाली हाय म्हनूनच तं सांगून राह्यलो, भाऊ. भरून असती तं सांगाले टाइम भेटला असता का?”

विक्री झाली नाही, हे वेगळे सांगायला नको. बहुतेक दुकानदार अशा वेळी गप्प का राहतात, याचे कारणही यातच आहे. या धंद्यात गिऱ्हाइके मुळात थोडी. जो येतो तो बहुधा पैसेवाला, ओळखीपाळखीचा, आणि महिनोन् महिने खेटे घालून परवाना मिळवलेला असतो. अशा माणसाला ‘बोट बाहेर ठेवा’ म्हणणे म्हणजे त्याच्या प्रतिष्ठेलाच हात घालणे. कायद्याचे पाठबळ पाहावे तर अधिनियमाचे नववे कलम विक्रेत्याला बजावते, की शस्त्र बाळगण्यास मनाई असलेल्या किंवा विकल मनःस्थितीच्या माणसाला शस्त्र विकू नये, दुरुस्त करूनही देऊ नये. निष्काळजी माणसाचा उल्लेख तिथे नाही. दुकानदाराने नोंदवही नीट ठेवली, परवान्यावर विक्रीची नोंद केली, काडतुसांची मर्यादा पाळली की त्याचे कर्तव्य संपले.

वास्तविक या व्यवहाराचे शिष्टाचार जगभर ठरून गेलेले आहेत. जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने ते चार वाक्यांत बसवले: प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजा, जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, लक्ष्य आणि लक्ष्यापलीकडे काय आहे ते ओळखा. दुकानात याचा अर्थ इतकाच होतो, की दुरुस्तीला आणलेले शस्त्र रिकामे करून, पेटीत घालून आणावे. पेटी उघडण्यापूर्वी दुकानदाराला सांगावे. हाती दिलेले शस्त्र त्याने तपासलेले असले तरी स्वतः पुन्हा तपासावे. आणि विचारल्याशिवाय रिकामा चाप ओढू नये. शेवटची गोष्ट निव्वळ शिष्टाचाराची नाही. जुन्या दुनळीत रिकामा चाप ओढल्याने आतली सुई तुटू शकते. पिस्तुलाच्या बाबतीत तर एक जीवघेणा गैरसमज सर्वत्र आढळतो. मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले असे लोक धरून चालतात. नळीत चढलेली एक गोळी तिथेच असते. साफसफाई करताना गोळी सुटल्याच्या बातम्यांमागे अनेकदा हीच एक गोळी असते.

ही शिस्त आपल्या मातीत रुजत नाही असे मानण्याचेही कारण नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. तो किंवा तेजस्विनी सावंत ज्या नेमबाजी केंद्रांत घडले, तिथे रायफल खाली ठेवली की नळीत भडक रंगाची सुरक्षापट्टी घालावी लागते, म्हणजे ती रिकामी असल्याचे लांबूनही दिसते. नियम मोडणाऱ्याला, तो कितीही मोठा खेळाडू असो, पंच फायरिंग पॉइंटवरून उठवू शकतात. कोणी त्याला अपमान समजत नाही. खेळाडूला जे कळते ते हौशी परवानाधारकाला कळू नये, कारण त्याला उठवणारा कोणी नाही.

गोव्यात हा प्रश्न रुबाबाच्या रिव्हॉल्व्हरपुरता नाही. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या तालुक्यांत बंदूक येते ती कुळागराच्या आणि काजूच्या राखणीसाठी. रानडुकरे, माकडे आणि गवे यांनी बागायतदाराला किती जेरीस आणले आहे, हे इथे सांगण्याची गरज नाही. शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे, हेही सर्वांना ठाऊक असते. पाळले किती जाते हा भाग निराळा. यांतल्या ठासणीच्या बंदुकीचा स्वभाव दुनळीहून वेगळा आहे. दुनळी मोडली की काडतूस दिसते, काढता येते. ठासणीत दारू आणि छर्रे गजाने ठासून भरले की ते आत आहेत की नाहीत हे वरून कळत नाही, आणि बाहेर काढायचे तर गजाला मळसूत्री आकडा लावून ओढावे लागतात. ही कटकट नको म्हणून डुकराची वाट पाहून परतलेला माणूस कॅप काढतो आणि भरलेलीच बंदूक खुंटीला टांगतो. पुढे ती घरातला दुसराच कोणी खाली उतरवतो. जाणते लोक गजावर खूण करून ठेवतात: रिकाम्या नळीत गज इतका आत जातो, भरलेल्या नळीत इतका. खुणेसाठी एक चाकू पुरतो. पण हे सांगणार कोण? जुन्या ठासण्या बहुधा वारशाने आलेल्या. त्यांच्या मालकांनी दुकानाची पायरी चढलेली नसते. म्हणजे हात पाहणारे ते एकुलते एक ठिकाणही त्यांच्या वाटेत येत नाही.

त्यांच्या वाटेत सरकार मात्र दोनदा येते. एकदा नूतनीकरणाच्या वेळी, आणि दुसऱ्यांदा निवडणुकीत. निवडणूक जाहीर झाली की जिल्हास्तरीय छाननी समिती बसते, शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात आणि बंदुका दुचाकीवरून, बसमधून, खांद्यावरून पोलीस स्थानकात येतात. शिपाई परवाना पाहतो, क्रमांक जुळवतो, पावती फाडतो. बंदूक रिकामी आहे का, हे विचारले गेले तर तोंडी. नूतनीकरणाच्या वेळीही अर्जदाराला बंदूक घेऊन बोलवावे, ती उघडायला, रिकामी करायला, पुन्हा मिटवायला सांगावे. पाच मिनिटांत माणूस कळतो. परवानाधारक शस्त्रविक्रेत्यालाही त्या वेळी शेजारी बसवता येईल, आणि बेफिकीर गिऱ्हाइकाविषयी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवण्याची मुभा त्याला देता येईल.

पोलीस स्थानकातले काम याहून सोपे आहे. सैन्याच्या चौक्यांवर शस्त्र रिकामे करण्यासाठी वाळूची जागा ठरलेली असते; नळीचे तोंड तिकडे रोखूनच शस्त्र उघडायचे. आपल्या स्थानकांच्या आवारात, माणसांच्या वावरापासून दूर, वाळूने भरलेले एक पिंप ठेवावे आणि बंदूक टेबलावर येण्याआधी तिथे नेली जावी. जिल्हा अधीक्षकांच्या एका परिपत्रकाने हे होऊ शकते.