शिवनेरीच्या कड्यातली आपली माणसे

नाशिकहून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करीत जुन्नरला उतरले की समोर शिवनेरी. १६३० साली छत्रपती शिवराय इथे जन्मले, हे आपल्या मुलांना पाठ आहे. सात दरवाजे चढायचे, जन्मस्थान पाहायचे, गंगा-जमुना टाक्यांपाशी थांबायचे, डबे सोडायचे आणि उतरायचे, अशी सर्वांची सहल होते. पण याच डोंगराच्या कड्यात, किल्ल्याच्या कितीतरी आधी, भिक्खूसंघासाठी कोरलेली लेणी आहेत. तिकडे मान वळवणारे थोडेच.

लेणी म्हटली की ती राजांनीच कोरविली, असे आपण धरून चालतो. जुन्नरचे शिलालेख वेगळे सांगतात. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने (म्हणजे व्यवसायाच्या संघाने) सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. बुरूड आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. आपल्या त्रिरश्मीवरही तेच! चैत्यलेण्यावर धंभिक गावच्या लोकांचे दान कोरले आहे. दहाव्या लेण्यात तर चक्क हिशेब आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही. वर्षाचे व्याज २४०, त्यातून वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. राजाचा जावई पैसा सांभाळायला देतो तो विणकरांकडे! पतपेढीचे पासबुक ज्या घरात आहे, तिथे मुलांकडून हा हिशेब करवून घ्यावा.

जपानमधल्या ओसाका किल्ल्याचा मुख्य मनोरा १९३१ साली नागरिकांच्या वर्गणीतून पुन्हा उभा राहिला. आत संग्रहालय आहे, मजल्यामजल्याने इतिहास मांडलेला. आपल्याकडे शिवनेरी आणि नाशिक जिल्ह्यातला साल्हेर २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेले. आता पैसा येईल, पाट्या लागतील. त्या पाट्यांवर धान्यवाले, बुरूड, कासार सोप्या मराठीत यावेत, पायथ्याशी शिलालेखांच्या ठशांचे एक दालन व्हावे, असे आम्हांला वाटते. वाचकांनी पुरातत्त्व खात्याला तसे लिहावे. साधे पोस्टकार्डही चालेल, पण दहा घरांतून दहा जावीत.

जाताना पाणी भरपूर न्यावे. कड्यालगतच्या लेण्यांकडे पावसाळ्यात जाऊ नये, लहानांचा हात सोडू नये. आणि भिंतीवर खडूने नावे लिहिणाऱ्या पोरांना तिथल्या तिथे दटावावे, मग ती आपली असोत की दुसऱ्याची.