हरणांची संख्या आणि रानाची घडण

हैदराबादेतील चिक्कडपल्लीच्या नावात ‘पल्ली’, म्हणजे गाव, अद्याप शिल्लक आहे. रान मात्र तेथे औषधालाही उरलेले नाही. चित्रपटगृहे, ग्रंथालय आणि वाहनांची वर्दळ यांतून वाट काढणाऱ्या नागरिकास त्याच शहराच्या पश्चिम टोकाला चितळ चरतात, हे सांगूनही खरे वाटले नसते. मार्च २०२५ च्या अखेरीस, ऐन उगादीच्या सणात, कंचा गच्चीबावलीच्या ४०० एकर भूमीवर यंत्रे चालू लागली, तेव्हा ते सर्वांस कळून आले. ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने काम थांबविले. तोवर सुमारे शंभर एकरांवरील झाडोरा भुईसपाट झाला होता.

ही भूमी दप्तरी वन नाही, असे तेलंगण सरकारचे म्हणणे. वस्तुतः दप्तर काहीही म्हणो, शब्दकोशातील अर्थाने जे वन तेही वनच, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजीच सांगून ठेवले आहे. परंतु आमच्या मते प्रश्न केवळ कायद्याचा नाही. वन म्हणजे उंच, घनदाट वृक्ष, ही आपली समजूतच मुळात अपुरी आहे. चितळाला गवत हवे, कोवळा पाला तोंडाला पुरेल इतक्या उंचीवर हवा, दुपारी सावली आणि जवळ पाणी हवे. उघडे माळ व झुडपे यांच्या सीमेवर तो सुखाने वाढतो. खडकाळ, खुरटे म्हणून हिणवलेले रान त्याचे भरले ताट असते. नागरहोळेच्या पानझडी अरण्यात उल्हास कारंत व सनक्विस्ट यांनी केलेल्या गणनेत दर चौरस किलोमीटरला चितळ सुमारे ५० आढळले, सांबर मात्र पाच-सहाच. अरण्य एकच, पण प्रत्येक प्राण्याचा हिशेब निराळा.

आमच्या सह्याद्रीतही हाच न्याय लागू आहे. सदाहरित रानात पाला उंच छतावर असतो, तळाशी अंधार. तेथे चितळांचे मोठे कळप शोधणे व्यर्थ. तेथील धनी सांबर, भेकर आणि इवलेसे पिसोरी. त्यांच्या रानात एकसुरी अकेशिया लावून, किंवा रानमोडी व घाणेरी माजू देऊन, नकाशावर हिरवा रंग वाढविता येतो. चारा वाढत नाही. मग भुकेला प्राणी शेतात उतरतो आणि दोष त्याच्याच माथी बसतो.

याचा अर्थ संख्या वाढली की सारे कुशल, असाही नव्हे. कुंपणात कोंडलेल्या, वाघ नसलेल्या रानात कळप वाढत गेले, तर ते स्वतःचाच चारा खाऊन संपवितात. म्हणूनच हरणे मोजताना गवत, पाणवठे, झाडांच्या वयाची विविधता आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याच्या वाटा यांचीही मोजदाद व्हावयास हवी.

कोणत्याही भूमीस ‘पडीक’ असा शिक्का मारण्यापूर्वी ही मोजदाद सक्तीची करावी, अशी आमची मागणी आहे. ‘कंचा’ या शब्दाचा अर्थच तिकडे चराऊ रान असा आहे. लोकांच्या भाषेला जे ठाऊक होते, ते सरकारी दप्तराने विसरावे, याहून मोठी नामुष्की ती कोणती?