‘कंदिसा’चं ऋण

पहिल्या अल्बमसाठी बँडकडे कित्येक वर्षांची शिदोरी असते. कॉलेजात सुचलेल्या चाली, मित्राच्या घरी रात्र-रात्र घोटलेले तुकडे, कार्यक्रमांत लोकांनी डोक्यावर घेतलेली दोन-तीन गाणी. दुसऱ्या अल्बमपर्यंत ती संपते आणि मग बँडचा खरा पिंड कळतो. बरेच जण पहिल्याच अल्बमची दुसरी आवृत्ती काढून मोकळे होतात. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने २००० साली ‘कंदिसा’ काढला, तेव्हा ते दुसऱ्यांच्या गाण्यांकडे गेले. नर्मदेकाठच्या माणसांचं गाणं, केरळच्या चर्चमधली प्रार्थना, गरीब शेतकऱ्यांसाठी लिहिलेलं भोजपुरी गीत. आपल्या देशातल्या एकाही बँडचा दुसरा अल्बम याच्या तोडीचा मी ऐकलेला नाही. हे मत मी पूर्ण जबाबदारीने मांडतो आहे.

मोजदादीवरून वाद घालणारे भेटतात. ‘इंडियन ओशन’चा पहिला अल्बम बँडच्याच नावाचा, १९९३चा, ‘एचएमव्ही’ने काढलेला. त्यानंतर १९९७चा ‘डेझर्ट रेन’ आला. म्हणजे ‘कंदिसा’ तिसरा झाला, असं म्हणता येतं. पण ‘डेझर्ट रेन’ ही दिल्लीत सफदर हाश्मी यांच्या स्मृत्यर्थ झालेल्या कार्यक्रमातल्या वादनाची ध्वनिफीत आहे. रस्त्यावर नाटक करताना ज्याच्यावर जीवघेणा हल्ला झाला, त्या नाटककाराच्या आठवणीत जमलेल्या लोकांसमोर ते वाजवत होते. स्टुडिओत बसून, विचार करून घडवलेला दुसरा अल्बम मात्र ‘कंदिसा’च. पहिल्यात आणि त्यात सात वर्षांचं अंतर आहे. या सात वर्षांत ही माणसं कुठे होती, ते कळल्याशिवाय हा अल्बम पुरता कळत नाही.

बेस वाजवणारे आणि गाणारे राहुल राम यांचं उदाहरण घ्या. आयआयटी कानपूर, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट. एवढं शिकलेला माणूस नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनात गेला, खोऱ्यात राहिला. तिथे त्यांना गाणं मिळालं, ‘मा रेवा’. रेवा म्हणजे नर्मदाच. अमरकंटकला उगम पावणाऱ्या, स्वच्छ पाण्याच्या नदीची ही स्तुती. काठावरच्या लोकांच्या तोंडी ते आधीपासूनच होतं.

मराठी वाचकाला नर्मदा परकी नाही. गो. नी. दांडेकरांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ किंवा जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ ज्या घरात नाही, तिथे निदान परिक्रमा करून आलेले एखादे काका असतात. पण परिक्रमेची नर्मदा वाचताना आपण एक गोष्ट सहज विसरतो. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातलीही तेहतीस गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला १९९८मध्ये. त्यांतल्या मणिबेलीचं नाव त्या काळी पेपरात सारखं यायचं. ज्या वर्षी ‘कंदिसा’ आला, त्याच २०००च्या १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे चालू ठेवायला परवानगी दिली. पुढे धरण १३८.६८ मीटर उंचीपर्यंत गेलं.

म्हणून ‘मा रेवा’ ऐकताना मला ती निव्वळ भक्ती वाटत नाही आणि घोषणाही वाटत नाही. बँडने त्यात धरणाबद्दल एक अक्षर घातलेलं नाही. नदी सुंदर आहे, वाहती आहे, एवढंच गाणं सांगतं. ठेका इतका आनंदी की पाय थांबत नाहीत. ज्यांची गावं जाणार होती, ती माणसं नदीची स्तुती गात होती. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वेगळा शोक कुणी शिकवायची गरज नाही. बँडने इथे जो संयम दाखवला, त्याच्या मी प्रेमात आहे. आंदोलनातून आलेल्या माणसाला भाषण द्यायचा मोह किती झाला असेल!

आणि हे गाणं सोलापुरात ऐकणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपण उजनीचं पाणी पितो. भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पूर्ण झालं आणि करमाळा, इंदापूरकडची गावं जलाशयाखाली गेली. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक ते बघायला जातात. आपल्याकडे काही दिवसांआड नळाला पाणी येतं, तेव्हा अख्खी गल्ली जागी होते. त्या पाण्यासाठी ज्यांनी घरं सोडली, त्यांच्या काठावरच्या ओव्या, त्यांची भीमेची गाणी आपल्यापैकी किती जणांना येतात? मला येत नाहीत. माहीत असलेलं नदीचं गाणं एकच, आणि ते नर्मदेचं.

आता शीर्षकगीत. ‘कंदिसा’ ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना, सीरियाक भाषेतली. येशू ख्रिस्त बोलत त्या अरामी भाषेच्या कुळातली ही भाषा. पवित्र देवाला केलेली आळवणी आहे, एवढं समजलं तरी पुरतं. संथ सुरुवात, एकमेकांत मिसळलेले गळे, हळूहळू चढत जाणारा वेग, आणि शेवटाकडे तबला, ड्रम, बेस, गिटार सगळे एका लाटेवर. दिल्लीतल्या रॉक बँडने, ज्यात एकही पाद्री नाही, ही प्रार्थना इतक्या श्रद्धेने का गावी? मला वाटतं, त्यांना सूर खरा वाटला म्हणून. दुसरं कारण लागत नाही.

न कळणाऱ्या भाषेतलं गाणं कशाला ऐकायचं, असा प्रश्न मला पुण्या-मुंबईत विचारला गेला आहे. सोलापुरात कुणी विचारला नाही. पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात तेलुगू बोलणं चाललेलं असतं, अक्कलकोट रस्त्याला लागलं की कानावर कन्नड येते, विजापूर वेशीत दख्खनी. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला आपण दर जानेवारीत नंदीध्वजांमागून चालतो, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. भाषा न कळता सूर ओळखायची सवय या गावाला लहानपणापासून असते.

‘हिल्ले ले’बद्दल थोडी तक्रार आहे. हे भोजपुरी गीत गोरख पांडेय यांचं. १९८९मध्ये गेलेले हिंदी-भोजपुरीतले क्रांतिकारक कवी. जनतेची फौज येते आहे, दुनिया हलते आहे, असा त्याचा आशय. प्रत्यक्ष कार्यक्रमात हे गाणं लागलं की हजारो लोक एका आवाजात उसळतात. अल्बममध्ये ती धग कमी आहे. असं गाणं समोर लोक असल्याशिवाय पेटत नाही. आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख यांच्या आवाजाबद्दल जुनी माणसं हेच सांगतात: मैदानात ऐकायला हवं होतं. ‘क्या मालूम’ मला इतरांच्या मानाने फिकं वाटतं. ‘खजुराहो’ धीराने ऐकावं लागतं. पहिल्या खेपेला कंटाळा आला तर आठवडाभराने पुन्हा लावा. सुष्मित सेन यांची गिटार त्यात रागाच्या अंगाने एकेक स्वर उलगडते. नुसते कॉर्ड छेडणाऱ्या गिटारीची सवय झालेल्या कानाला वेळ लागतो. सातच गाणी आहेत, पण घाईघाईत ऐकण्यासारखं एकही नाही.

एका वाद्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. बँडचे ड्रमर अमित किलाम ‘गबगुबी’ वाजवतात. बंगालच्या बाउलांचं हे वाद्य, खमकही म्हणतात. एका टोकाला कातडं ताणलेलं लहानसं भांडं, त्यातून निघालेली तार. भांडं काखेत धरायचं, तार ताणत-सैल करत छेडायची, की माणूस बोलावा तसा आवाज वर-खाली होतो. हे वाचून आपल्याकडच्या कुणालाही चौंडकं आठवलं पाहिजे. यल्लम्माच्या जोगतिणींच्या हातातलं चौंडकं याच घराण्यातलं. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला लाखो लोक चालत जातात, त्या वाटेवर आराध्यांची गाणी, संबळ, तुणतुणं, सगळं कानावर पडतं. दिल्लीच्या मुलांना बंगालचं गबगुबी सापडलं. आमच्या मुलांना चौंडकं मात्र अजून गिटारशेजारी ठेवावंसं वाटलेलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

बँडमधले अशीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. रॉक बँडच्या मंचावर मांडी घालून बसलेला माणूस, हात तबल्यावर, तोंड माइकला. २००९च्या डिसेंबरमध्ये ते गेले. २०१३मध्ये सुष्मित सेन बाहेर पडले. बँड आजही वाजवतो, नव्या साथीदारांसह चांगलं वाजवतो. दिल्लीतल्या करोल बागेत ज्या जुन्या बंगल्यात त्यांची तालीम चालायची, त्याचाच पत्ता ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमला नाव म्हणून दिला आणि २०१०पासून त्यातली गाणी एकेक करून इंटरनेटवर फुकट वाटली. पैशाच्या मागे लागलेली माणसं असं करत नाहीत. ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातल्या ‘बंदे’मुळे पुष्कळ लोक त्यांच्यापर्यंत पोचले. तरी ‘कंदिसा’तले चौघे म्हणजे हा बँड, असं माझ्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे मीही मानतो.

विणकरांच्या गावात राहणाऱ्याला खरं तर त्यांचा पुढचा अल्बम अधिक जवळचा वाटायला हवा. २००३चा ‘झीनी’, कबीराच्या चादरीवरच्या पदावरून नाव घेतलेला. चादरीच्या गावाला कबीराची चादर! तोही मला फार आवडतो. पण तिथे बँडला आपली वाट सापडलेली होती. ती शोधत असतानाचं धाडस ‘कंदिसा’त आहे.

आणि म्हणून हे सगळं लिहिलं ते आपल्या गावातल्या मुलांसाठी. सोलापुरात कॉलेजांच्या संमेलनांत, हॉटेलांच्या गच्च्यांवर आता बँड वाजतात. मी जमेल तेव्हा जातो. हात तयार आहेत, तालीम दिसते, आवाज आहेत. पहिली गाणी प्रेमाची, पावसाची, मित्रांची असतात. ती जरूर करा. पण दुसऱ्या खेपेला रेकॉर्डिंगचे पैसे भरण्याआधी एक वर्ष द्या. कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेवर आराध्यांबरोबर चाला. पूर्व भागात एखाद्या तेलुगू आजीला मागावर बसताना काय गायचात म्हणून विचारा. करमाळ्याकडे धरणग्रस्तांच्या वस्त्यांत जा आणि भीमेच्या ओव्या ज्यांना अजून येतात, त्यांच्याकडून शिकून घ्या. ज्यांचं गाणं घ्याल, त्यांचं नाव कव्हरवर छापा आणि पहिला कार्यक्रम त्यांच्या दारात करा. तिकीट असेल तर मी विकत घेईन.