टपालपेटीची किल्ली कोणाकडे?

इंटरनेटची जोडणी पुरविणाऱ्या संस्थेच्या बैठकीत ई-मेलचा विषय निघतो, तेव्हा तो बहुधा खर्चाच्या रकान्यात मांडला जातो. स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तर यंत्र हवे, जाणकार माणूस हवा, रात्रपाळी हवी. तेच काम एखाद्या बड्या कंपनीकडे सोपविले, तर दरमहा बिल भरले की जबाबदारी संपली. हिशेबनिसाला दुसरा मार्ग पसंत पडतो आणि ठराव संमत होतो. परंतु हजारो ग्राहकांचा पत्रव्यवहार कोणाच्या यंत्रावर साठणार, कोणाच्या नियमांनी तो अडविला किंवा पुढे धाडला जाणार, हा निव्वळ जमाखर्चाचा प्रश्न नव्हे. तो अधिकाराचा प्रश्न आहे आणि त्याचा विचार त्याच गांभीर्याने व्हायला हवा.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या तेव्हाच्या सार्वजनिक कंपनीमार्फत. त्या काळी जोडणी घेणाऱ्याला त्याच संस्थेची टपालपेटीही मिळत असे. आज जोडणी देणारे व्यावसायिक गल्लोगल्ली आहेत. टपालपेट्या मात्र बव्हंशी मूठभर परदेशी कंपन्यांच्या ताब्यात गेल्या आहेत. हा बदल कोणी फर्मान काढून घडविला नाही. तो सोयीच्या वाटेने, कोणाचे फारसे लक्ष नसताना आला.

ई-मेलची मूळ घडण याच्या नेमकी उलट आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली शब्दबद्ध केलेल्या एसएमटीपी या नियमावलीनुसार कोणताही सर्व्हर दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरकडे थेट पत्र पोहोचवू शकतो. तेथे मुख्यालय नाही आणि मालकही नाही. त्याच वर्षीच्या नियमांनी टपाल स्वीकारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’ नावाची एक पेटी बंधनकारक केली. तक्रारदाराला ठोठावण्यासाठी एक दार असावे आणि दारामागे उत्तर देणारा माणूस असावा, हा त्यामागील साधा, पण लोकशाहीला साजेसा विचार होता.

आता निवडीविषयी. स्वतःचा सर्व्हर म्हणजे लाखो रुपयांचे परवाने, हा समज निराधार आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजसारख्या व्यवस्थेत वापरणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे शुल्क वाढते, हे खरे. परंतु केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी १९९५ साली सुरू केलेले एक्झिम किंवा आयबीएममध्ये असताना वित्से व्हेनेमा यांनी लिहून १९९८ साली लोकांपुढे ठेवलेले पोस्टफिक्स ही मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. ती कोणीही विनामूल्य घ्यावीत, तपासावीत आणि सुधारावीत. त्याआधी बर्कलीच्या एरिक ऑलमन यांच्या सेंडमेलचे राज्य होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये ज्या ‘किड्या’ने हजारो संगणक जायबंदी केले, त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक सेंडमेलमधूनच गेली होती. त्या धड्यातून शहाणे होऊन पोस्टफिक्सची रचना छोट्या, एकमेकांपासून अलग ठेवलेल्या कामांत विभागली गेली. एका दालनात चोर शिरला तरी सारा वाडा त्याच्या हाती लागू नये, हे त्यामागील तत्त्व. ज्याची अंतर्गत रचना आपला माणूस समजून घेऊ शकतो आणि ज्यातून सारी पत्रे उद्या दुसरीकडे हलविता येतात, ते सॉफ्टवेअर निवडावे. बाकीच्या कसोट्या दुय्यम आहेत.

मात्र सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून कारभारही फुकट होतो, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. कोणाही परक्याला आपल्या सर्व्हरवरून टपाल धाडू देणारा सर्व्हर स्पॅमवाल्यांच्या हाती पडण्यास वेळ लागत नाही. एका ग्राहकाचा पासवर्ड चोरीला गेला तरी सबंध संस्थेचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि निरपराध ग्राहकांची पत्रे परत येऊ लागतात. पलीकडचा सर्व्हर बंद असेल तर पत्र रांगेत ठेवून चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करावा लागतो. त्या रांगेवर नजर ठेवणे, बॅकअप घेऊन तो खरोखर परत उभा राहतो का हे पाहणे, आणि सर्व पेट्यांची किल्ली हाती असूनही त्यांत न डोकावणे, हे सारे श्रमाचे व सचोटीचे काम आहे. ते बिनबोभाट चालते तोवर कोणाला दिसत नाही. अडले की दोष त्याच एका माणसाच्या माथी. अशा कामगाराला पुरेसे वेतन, मदतनीस आणि सुटी न देता स्वावलंबनाच्या गप्पा मारणे म्हणजे त्याच्या झोपेवर तत्त्वनिष्ठा पोसणे होय.

लहान पुरवठादारांची आणखी एक अडचण खरी आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी पत्र पाठविणाऱ्या प्रत्येकावर आपली ओळख सिद्ध करण्याच्या अटी लादल्या. त्यांतील तांत्रिक भाग रास्त आहे, कारण तोतयेगिरीला त्याने आळा बसतो. परंतु अटी पाळूनही एखाद्या छोट्या सर्व्हरचे पत्र स्पॅमच्या पेटीत का गेले, याचे कारण मिळत नाही. जो स्पर्धक तोच पंच, अशी ही अवस्था आहे. या कटकटीला कंटाळून काढता पाय घेणाऱ्यांत बडी मंडळीही आहेत. अमेरिकेतील व्हेरायझनने २०१७ साली आपल्या ग्राहकांची ई-मेल सेवाच बंद केली.

काढता पाय घेण्याची किंमत काय, हे जुलै २०२५ मध्ये भारतात दिसले. युरोपीय संघाने निर्बंध घातल्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा स्थगित केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. पुढे सेवा पूर्ववत झाल्या. एका बलाढ्य तेल कंपनीविषयी कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु भारतीय कायद्याने न घातलेल्या बंदीमुळे भारतातील टपालपेटी बंद होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. तिला वकील उभे करता आले. तालुक्याच्या पतसंस्थेने किंवा कामगार संघटनेने कोणाकडे जावे?

याला पर्याय नाही, हे म्हणणेही टिकत नाही. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ४०,००० हून अधिक शासकीय टपालपेट्या एक्स्चेंजवरून मुक्त सॉफ्टवेअरवर आणण्याचे काम ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण केले. भारतातही केंद्र सरकारची सुमारे १२ लाख खाती झोहो या देशी कंपनीच्या व्यवस्थेवर गेली. परावलंबन देशी झाले, एवढाच त्याचा अर्थ राहू नये. कंत्राट संपल्यावर सारा पत्रसाठा विनासायास परत घेता येईल का, हा प्रश्न देशी कंपनीलाही विचारला पाहिजे.

एकट्या छोट्या पुरवठादाराला हा भार पेलणार नाही, हे मान्य. पण साखर, दूध आणि पतपुरवठा यांसाठी एकत्र येण्याची परंपरा ज्या महाराष्ट्राला आहे, तेथील दहा-वीस पुरवठादारांनी मिळून एक सामाईक सर्व्हर आणि तीन-चार पूर्णवेळ पोस्टमास्तर ठेवणे अशक्य नाही. शासनानेही दोन नियम करावेत: जोडणी बदलली तरी जुन्या पत्त्यावरील टपाल ठरावीक मुदतीपर्यंत नव्या पत्त्यावर पोहोचलेच पाहिजे, आणि पत्रे अडविणाऱ्या बड्या कंपनीने कारण दिलेच पाहिजे. कार्यकर्त्यांनी सुरुवात आपल्या संस्थांपासून करावी. पत्ता संस्थेच्या स्वतःच्या नावाचा घ्यावा, म्हणजे सर्व्हर बदलला तरी पत्ता बदलत नाही. किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन पेटी आपली म्हणणे सोपे असते. दार बंद झाल्यावर तिचा मालक कोण ते कळते.