सात फ्रँकची बंदूक

स्वदेशी शस्त्र की विकतचे शस्त्र, या वादात इथिओपियाचे नाव सहसा निघत नाही. वास्तविक ते सर्वांत आधी निघायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एकाच देशाने, अवघ्या तीस वर्षांच्या अंतराने, दोन्ही वाटा चालून पाहिल्या. एका सम्राटाने आपल्याच भूमीवर तोफ ओतण्याचा ध्यास घेतला. त्याचा अंत पराभवात आणि आत्महत्येत झाला. दुसऱ्याने युरोपात मोडीत निघालेल्या बंदुका घासाघीस करून विकत घेतल्या आणि एका युरोपीय सत्तेला रणांगणावर धूळ चारली. एवढ्यावरून निकाल देण्याची घाई करणाऱ्यांनी १९३५ पर्यंत थांबावे.

पहिला सम्राट तेवोद्रोस दुसरा. १८५५ मध्ये तो गादीवर आला. विस्कळीत सरदारांचा देश एका छत्राखाली आणायचा तर तोफा हव्यात, आणि त्या कुणाकडे मागाव्या लागू नयेत, हे त्याने अचूक ओळखले होते. देब्रे ताबोरजवळ गाफात येथे त्याने ओतशाळा उभारली. कामाला लावले ते युरोपातून आलेले प्रॉटेस्टंट मिशनरी. ही माणसे धर्मप्रसारासाठी आलेली, हाताने कसबी. पण तोफ ओतणे हा त्यांचा धंदा नव्हे. राजाच्या हट्टापुढे त्यांनी प्रयोगांवर प्रयोग केले आणि अखेर सुमारे सात टनांची एक अवाढव्य तोफ ओतली. तिचे नाव ‘सेवास्तोपोल’. ती मकदलाच्या डोंगरी किल्ल्यावर नेण्यासाठी रस्ता मुळातून बांधावा लागला. स्वतः सम्राट दगड फोडायला उभा राहिला. तो प्रवास कित्येक महिने चालला होता.

ब्रिटिश वकील व इतर युरोपीयांना त्याने कैदेत टाकल्यामुळे १८६८ मध्ये सर रॉबर्ट नेपियरची फौज चालून आली. ही फौज निघाली ती मुंबईहून. सुमारे तेरा हजारांच्या या सैन्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, आणि डोंगरवाटांवर अवजड तोफा वाहून नेण्यासाठी चव्वेचाळीस हत्तीही जहाजांतून नेले होते. गोऱ्या पलटणींच्या हाती पाठीमागून काडतूस भरायची नवी स्नायडर रायफल होती. हिंदी पलटणींकडे मात्र जुन्या ठासणीच्या बंदुकाच होत्या. १८५७ नंतर उत्तम हत्यार हिंदी शिपायाच्या हाती द्यायचे नाही, हे धोरण आफ्रिकेतही सोबत गेले होते.

१० एप्रिल १८६८ रोजी अरोगीच्या माळावर सुमारे सातशे इथिओपियन पडले. ब्रिटिशांकडील मृतांची संख्या दोन. सेवास्तोपोलचा युद्धात काडीचाही उपयोग झाला नाही. तीन दिवसांनी तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली; ते पिस्तूल राणी व्हिक्टोरियाने भेट दिलेले होते.

तेवोद्रोसची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती बऱ्याच जणांनी केली. परंतु त्याची चूक ‘घरी बनवले’ ही नव्हे. त्याने जे बनवले ते चुकीचे होते. डोंगराळ मुलखात सात टनांची तोफ ही शस्त्र कमी आणि स्मारक अधिक. त्याला गरज होती ती हजारो साध्या, एकसारख्या बंदुकांची, आणि एकसारखी वस्तू हजारांनी बनवायला मूठभर मिशनरी पुरत नाहीत. त्यासाठी लोखंड, कोळसा, लेथ आणि पगारी मिस्त्र्यांची पिढी लागते. यांतले काहीही गाफातला नव्हते.

दुसरा सम्राट मेनेलिक. १८८९ मध्ये सम्राट होण्यापूर्वी तो शोआ प्रांताचा राजा होता आणि बाजाराची नाडी त्याला नेमकी कळली होती. त्या काळी युरोपातील सैन्ये दर दहा-पंधरा वर्षांनी रायफल बदलत होती. १८८६ मध्ये फ्रान्सने धूरविरहित दारूची लेबेल रायफल स्वीकारली, आणि एका वेळी एकच गोळी भरणाऱ्या लक्षावधी ग्रा व रेमिंग्टन रायफली रातोरात जुन्या ठरल्या. जुने हत्यार वितळवण्यापेक्षा विकणे फायद्याचे. गिऱ्हाईक आफ्रिकेत आणि आशियात होते.

या व्यापारात एक अनपेक्षित माणूस भेटतो. फ्रेंच कवितेला वेगळे वळण देऊन ऐन विशीत लेखन सोडून दिलेला आर्त्युर रँबो १८८५ मध्ये ताजूराच्या किनाऱ्यावर बंदुकांचा तांडा जमवत बसला होता. घरी लिहिलेल्या पत्रात त्याने हिशेब मांडला आहे: चाळीस वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या ठासणीच्या बंदुका लिएजच्या किंवा फ्रान्सच्या जुन्या बाजारात सात-आठ फ्रँकला मिळतात, आणि शोआचा राजा त्यांचे चाळीस फ्रँक देतो. पाचपट भाव! प्रत्यक्षात सुमारे दोन हजार बंदुका घेऊन तो १८८७ मध्ये पोहोचला तेव्हा मेनेलिकने नुकतेच हरार जिंकले होते आणि तिथली हत्यारे त्याच्या हाती आली होती. राजाने भाव पाडला, रँबोच्या मृत भागीदाराची देणीही त्यातूनच कापून घेतली आणि कवी हात चोळत परतला. ‘भोळ्या आफ्रिकन राजाला भंगार विकले’ हे चित्र रंगवणाऱ्यांनी हा व्यवहार एकदा नजरेखालून घालावा.

मेनेलिकने कुणालाच वर्ज्य मानले नाही. फ्रेंच व्यापाऱ्यांकडून घेतले, आणि खुद्द इटलीकडूनही घेतले. इथिओपिया आपल्या अंकित येईल या आशेवर इटलीने रायफली दिल्या, कर्ज दिले, काडतुसे दिली. १८८९ च्या वुचाले कराराच्या सतराव्या कलमाचा इटालियन मसुदा इथिओपियाला संरक्षित राज्य ठरवतो, अम्हारिक मसुदा तसे म्हणत नाही, हे उघडकीस आल्यावर मेनेलिकने १८९३ मध्ये करारच झुगारला. हत्यारे अर्थात परत केली नाहीत.

१ मार्च १८९६ रोजी अड्वा येथे जनरल बाराटिएरीच्या सुमारे साडेसतरा हजार सैन्यापुढे मेनेलिकचे सुमारे एक लाख सैन्य उभे होते. त्यांतील बहुसंख्यांच्या हाती रायफली होत्या. दुपारपर्यंत इटालियन फौज उधळली गेली. आणि गंमत अशी की इटलीनेही आपल्या सैनिकांना नवी कार्कानो रायफल दिली नव्हती. जुनी काडतुसे संपवायची म्हणून जुन्या वेटेर्ली रायफलीच आफ्रिकेत धाडल्या होत्या. काटकसर दोन्ही बाजूंनी झाली; फक्त ज्याच्या घरी कारखाना होता त्याला ती महागात पडली.

म्हणून आयातीला नाक मुरडणाऱ्यांचे म्हणणे अड्वापुरते तरी टिकत नाही. मेनेलिककडे कारखाना उभारण्याइतका अवधी नव्हता. मस्सावा बंदर १८८५ मध्येच इटलीने घेतले होते. त्याने आधी कारखाना आणि मग सैन्य हा क्रम धरला असता, तर कारखान्यासकट देश गेला असता.

मात्र या बंदुकांचे पैसे कुठून आले? हस्तिदंत, सोने, कॉफी, कस्तुरी. आणि हे सारे ज्या दक्षिणेतून येत होते, ती दक्षिण याच बंदुकांनी जिंकली जात होती. ओरोमो, वोलायता, काफा अशी राज्ये एकामागून एक पडली. जिंकलेल्या मुलखात वसवलेल्या सैनिकांना ‘नेफ्तेन्या’ म्हणत. ‘नेफ्त’ म्हणजे बंदूक. शेतकऱ्याने राबायचे आणि बंदूकवाल्याने खायचे, अशी ती व्यवस्था, आणि हा शब्द आजही इथिओपियाच्या राजकारणात शिवीसारखा वापरला जातो. अड्वाचा विजय साऱ्या आफ्रिकेचा अभिमान असेल. त्याचे बिल दक्षिणेतल्या शेतकऱ्याने भरले, हे विसरून तो साजरा करणे अर्धवट ठरते.

आणि खरी उणीव पुढच्या चाळीस वर्षांतली आहे. जपाननेही सुरुवात विकतच्या हत्यारांनीच केली होती. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर उरलेल्या रायफली तिथेही पोहोचल्या. पण १८८० मध्ये मुराता त्सुनेयोशीची रायफल जपानी सैन्याने स्वीकारली आणि पुढच्या पिढीची आरिसाका रायफलही घरचीच होती. विकतचे हत्यार जपानने वेळ मिळवण्यासाठी वापरले. इथिओपियाला वेळ मिळाला, तो रायफली साठवण्यात गेला. काडतुसांची टंचाई आणि त्यांची किंमत अशी की बाजारात काडतूस सुट्ट्या नाण्यासारखे चालत असे.

मराठी वाचकाला येथे महादजी शिंद्यांचा आग्र्याचा कारखाना आठवेल. सँगस्टर नावाचा स्कॉटिश ओतारी तिथे दहा रुपयांत अशी बंदूक तयार करून देई की ती युरोपीय बंदुकीच्या तोडीची मानली जाई. माल उत्तम होता. पण कसब परक्या पगारदारांच्या मुठीत राहिले, आणि ऑक्टोबर १८०३ मध्ये आग्र्याचा किल्ला लेकच्या हाती पडला तेव्हा तिथला हा उद्योगही शिंद्यांच्या हातून गेला. देशात बनणे आणि देशाचे असणे यांत अंतर असते, ते असे.

१९३५ च्या उन्हाळ्यात इटलीची तयारी उघड दिसत असताना ब्रिटन आणि फ्रान्सने दोन्ही पक्षांना शस्त्रविक्री बंद केली. कागदावर हा न्याय समान होता. इटलीची हत्यारे इटलीतच बनत होती, त्यामुळे बंदी पडली ती एकट्या इथिओपियावर. ऑक्टोबरात आक्रमण झाल्यानंतर ती उठली खरी, पण माल यायचा तो फ्रेंचांच्या जिबूती बंदरातून आणि एकाच रेल्वेमार्गाने. सैन्याकडे अनेक देशांच्या, अनेक पिढ्यांच्या रायफली होत्या आणि प्रत्येकीचे काडतूस वेगळे. त्यांत अड्वाच्या काळातल्या ग्रा रायफलीही होत्या. विमानांतून सोडलेल्या मस्टर्ड वायूला घरच्या रायफलीनेही रोखले नसते, हे मान्य केले पाहिजे. ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडले. सेवास्तोपोल तोफ तेव्हाही मकदलाच्या डोंगरावर होती. इतक्या वजनाची वस्तू लूट म्हणून खाली न्यायची कुणाचीच तयारी नव्हती.