ताप येण्याआधी विडी विझवा

महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. छत्र्या बाहेर निघाल्या की थोड्याच दिवसांत दवाखान्यांच्या बाकांवर जागा उरत नाही. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, आणि तोही ऑगस्टमध्ये. या दिवसांच्या तोंडावर विडी-सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना कळकळीची विनंती आहे: यंदाचा ताप अंगावर यायच्या आत धूर बंद करा. एक तारखेची वाट पाहू नका, दिवाळीची तर नकोच.

इतकी घाई कशाला, असं वाटेल. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर कॅन्सरचं भयंकर चित्र आणि इशारा असतो, तो सगळे पाहतात आणि काडी ओढतात. तो इशारा खरा आहे. पण त्यामुळे एक समजूतही घट्ट बसली आहे, की तंबाखूचं बिल पन्नाशी-साठीत येतं आणि तोवर उधारी चालते. श्वसनाच्या विषाणूंना ही उधारी मान्य नाही. ते पंचविशीतल्या माणसाकडूनही याच महिन्यात वसुली करतात.

‘मला काय धाड भरलीय’ म्हणणाऱ्या तरुणांनी १९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला एक अभ्यास लक्षात ठेवावा. इस्रायली सैन्याच्या एका तुकडीत फ्लूची साथ आली. ३३६ जवान, सगळे तरुण, निरोगी, कवायतीत घामाघूम होणारे. त्यांतले निम्मे सिगारेट ओढणारे होते. न ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के जवानांना फ्लू झाला, ओढणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांहून अधिक. ज्यांचं काम बुडालं किंवा ज्यांना अंथरूण धरावं लागलं, असे न ओढणाऱ्यांत ३० टक्के होते, ओढणाऱ्यांत ५० टक्के. छावणी एक आणि विषाणूही एकच होता. यात म्हातारपण नाही, दमा नाही, मधुमेह नाही. असलं उदाहरण पाहिल्यावर धडधाकटपणाची ढाल पुढे करता येत नाही.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते सतत हलत राहतात आणि धूळ, जंतू, चिकट कफ वर घशाकडे ढकलतात. धुराने हे तंतू आधी मंदावतात, मग झडतात. कफ मात्र जास्त तयार होतो. म्हणजे घाण वाढली आणि ती काढणारं कोणी उरलं नाही. शिवाय विषाणू पेशीत शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. धुराने ही हाकही क्षीण होते. विषाणूने अस्तर सोलून काढलं की मागून न्यूमोनियाचे जिवाणू आत घुसतात. फ्लूच्या साथीत अनेक रोग्यांचा जीव जातो तो या दुसऱ्या हल्ल्यात.

‘विडी ओढली की कफ सुटतो’ हे गावोगावी ऐकू येतं. विडी ओढल्यावर खोकला येतो, हे खरं. पण आधीच सोललेल्या नळीला धूर झोंबतो म्हणून तो येतो. आणि सिगारेटपेक्षा विडी सौम्य, हाही भ्रमच. तेंदूचं पान नीट जळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून ओढणारा जास्त वेळा आणि जोरात झुरके घेतो. तंबाखू कमी असला तरी डांबर आणि विषारी वायू छातीत भरपूर उतरतात.

कोविडच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, एक बातमी व्हॉट्सॲपवरून घरोघर गेली होती: सिगारेट ओढणाऱ्यांना म्हणे करोना कमी होतो. त्या दाव्याला उचलून धरणारा एक शोधनिबंध पुढे नियतकालिकाने मागे घेतला, कारण लेखकांपैकी काहींचे तंबाखू उद्योगाशी असलेले संबंध लपवलेले निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं की धूम्रपान करणाऱ्यांना कोविड गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. बातमी घरोघर पोचली, खुलासा फारसा कुठे पोचला नाही.

आता एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. कोविडमध्ये बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी विकत घेतला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून प्राणवायूची जागा अडवतो, आणि हे साधं यंत्र त्यालाही प्राणवायू समजून मोजतं. त्यामुळे नुकतीच विडी ओढलेल्या माणसाच्या बोटावर ९७ दिसलं, तरी रक्तातला प्राणवायू त्याहून कमी असू शकतो. ताप आहे, धाप लागते, पण आकडा चांगला दिसतो म्हणून घरी बसून राहू नका.

महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ, २०१६-१७ च्या पाहणीनुसार, शंभरात चारही भरत नाहीत. पण धूर एका छातीत राहत नाही. त्याच पाहणीत देशातल्या जवळजवळ ३९ टक्के प्रौढांनी आपण घरात दुसऱ्याचा धूर घेतो असं सांगितलं. पावसात दारं-खिडक्या बंद, आजोबा कॉटवर विडी ओढतायत आणि खाली चटईवर तान्हं बाळ, हे चित्र कुणाच्याही ओळखीचं आहे. धुराच्या घरातल्या तान्ह्यांना छातीचे विषाणूजन्य आजार जास्त होतात आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळही जास्त येते. सुनेला बोलायचा संकोच वाटत असेल, तर मुलाने बोलावं. बाहेर ओट्यावर जाऊन ओढणं हा अर्धाच उपाय आहे, पण बाळापुरता तो तरी आजच करा.

विडी सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींचा खोकला वाढतो. नेमक्या इथेच लोक घाबरून पुन्हा पेटवतात. घाबरू नका, ते तंतू पुन्हा हलू लागल्याची ती खूण असते. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो, पण अस्तर सावरायला महिने लागतात. म्हणून तापाची वाट न पाहता आधी सोडायला हवं. त्यातूनही ताप आलाच, तर निदान त्या दिवसापासून एकही झुरका नको, आणि टपरीवर एकच विडी दोघा-तिघांत फिरवणं तर मुळीच नको. विडी सोडून मशेरी किंवा तंबाखूचा बार धरणं ही सुटका नव्हे.

डॉक्टरांपुढे बायको-मुलं असली की ‘कधीमधी ओढतो’ असं उत्तर येतं. खरा आकडा सांगा, दिवसाला किती बंडलं तो. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं, त्यामुळे ओढणाऱ्याने ‘दोन दिवस बघू’ म्हणू नये. धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बरळणं, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक रुग्णालय गाठा. फ्लूची लस घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारा.

एकट्याने सुटत नसेल तर मदत फुकट आहे. तंबाखू सोडवण्यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. घरात ओढणारं कुणी असेल, तर हा क्रमांक आज रात्री जेवणाआधी त्याच्या हातात द्या आणि फोन लागेपर्यंत शेजारी बसा.