निकाल आल्यावर उपचार बदलणार का?

यकृताच्या कर्करोगाची गाठ व्हीईजीएफ, अँजिओपॉयटिन-२ अशा प्रथिनांच्या जोरावर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. रक्तात ही प्रथिने जास्त असली, तर आजार सहसा बिकट असतो. हे खरे. पण म्हणून ती मोजायला पैसे घालू नका.

ही तपासणी कोणी सुचवली, तर एकच विचारा: निकाल आल्यावर उपचार बदलणार का? सोराफेनिबच्या रुग्णांवरील २०१२ च्या अभ्यासात या प्रथिनांवरून आयुष्याचा अंदाज आला, पण औषध कोणाला लागू पडेल हे कळले नाही. बेव्हॅसिझुमॅब तर व्हीईजीएफलाच अडवते; तेही पातळी न मोजताच देतात. उपचार ठरतात गाठीचा आकार, तिचा पसार, यकृताची ताकद आणि रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता पाहून.

सिरोसिस असेल, तर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करा. हिपॅटायटिस बी-सीची तपासणी व औषधे २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. सोलापूरकरांनो, सिव्हिलमध्ये चौकशी करा. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत बीची लस द्या. लहान गाठ बरी होऊ शकते. ती वाढल्यावर तिची प्रथिने मोजून हाती काय लागणार?